फादर ग्रेगोर मेंडेल : वाटाण्याच्या फुलातील मातेचा वाटा

आजच्या चेक प्रजासत्ताकातील हिन्चित्से या खेड्यात १८२२ साली एका शेतकऱ्याच्या घरी योहान मेंडेल यांचा जन्म झाला. घरची गरिबी एवढी की धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. (पुढे मेंडेल यांनी तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलून हे ऋण फेडले.) १८४३ साली त्यांनी ब्रनो येथील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात प्रवेश करून ग्रेगोर हे नाव धारण केले आणि १८४७ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

त्या काळी वनस्पतीच्या मातृत्वाविषयीच विद्वानांत वाद होता. श्लायडेन यांच्या मते गर्भ परागनलिकेतूनच तयार होई. बीजांड म्हणजे त्याला पोसणारे केवळ घर! मेंडेल यांनी मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात सुमारे २८,००० वाटाण्याची रोपे अभ्यासली. वाटाण्याचे फूल स्वतःच्याच परागांनी फळते. म्हणून ते कळी उमलण्यापूर्वीच उघडीत, दहाही पुंकेसर चिमट्याने काढून टाकीत आणि स्त्रीकेसराच्या टोकावरील कुक्षीवर दुसऱ्या झाडाचे पराग लावीत. मग माता व पिता यांची अदलाबदल करून पाहिली, तरी संकर तसाच निघाला. म्हणजे अंडपेशीचा वाटा परागाइतकाच होता.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. गोल व पिवळ्या दाण्याच्या संकराला माता करून त्यांनी तिला सुरकुतलेल्या हिरव्या दाण्याच्या जातीचे पराग दिले. चार प्रकारचे दाणे मिळाले : ३१, २६, २७ आणि २६. पित्याकडून एकाच प्रकारचे पराग आले असल्याने हा चौपदरी भेद मातेच्या अंडपेशींचाच होता, आणि चारही प्रकार जवळजवळ सारख्या संख्येने निर्माण होत होते. आमच्या मते त्यांच्या साऱ्या प्रयोगांत हा सर्वांत देखणा; शाळेच्या पुस्तकांत मात्र तो क्वचितच आढळतो.

१८६५ साली ब्रनोच्या निसर्ग-अभ्यास मंडळापुढे त्यांनी हे निष्कर्ष दोन सभांत वाचले व पुढील वर्षी ते छापले गेले. फारशी दखल कुणी घेतली नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले आणि मठावरील कराविरुद्ध सरकारशी झगडण्यात त्यांची अखेरची वर्षे गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणादिवशी, ते ख्रिस्तवासी झाले. अंत्यविधीच्या वेळी ऑर्गन वाजविला तो संगीतकार यानाचेक यांनी. १९०० साली द व्रीस, कोरेन्स व चेर्माक या तिघांनी त्यांचा निबंध जगापुढे आणला.