विश्लेषण : पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचे नाव वटवाघळाला कसे मिळाले?

अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत सकाळी बदामाच्या झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळे आणि चोथा पडलेला दिसतो. हे काम बहुतेक वेळा आखूड नाकाच्या फळभक्षी वटवाघळाचे. उपनगरांत सर्रास दिसणाऱ्या या वटवाघळाचे नाव लावून एक अत्यंत दुर्मीळ प्राणी मुंबईतल्याच एका संग्रहात तब्बल २४ वर्षे पडून होता. १९७२ मध्ये त्याची खरी ओळख पटली. तेव्हा त्याला नाव दिले गेले ते सलीम अली यांचे, ज्यांनी सारे आयुष्य पक्ष्यांमागे घालवले होते.

कपाटांशी ओळख कशी झाली?

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वडील आणि आई दोघांचेही छत्र अगदी बालपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतल्या घरी ते वाढले. लहान असताना एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, असे वाटल्याने मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, म्हणजेच बीएनएचएसकडे पाठवले. संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय संस्थेच्या संग्रहातले पेंढा भरलेले पक्षीही या मुलाला दाखवले. गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. तिच्यातला चिमणीचा भाग लक्षात राहतो, कपाटांचा विसरला जातो.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसायात काही वर्षे गेली. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात नोकरी मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली पक्ष्यांचे नमुने, वर्गीकरण आणि शास्त्रीय नोंदींची शिस्त शिकले. १९३० मध्ये परतले तर पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच रद्द झालेली! अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम हलवला आणि तिथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव झाले. त्यानंतर हैदराबादसह अनेक संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची सर्वेक्षणे केली. पत्नी तेहमिना यांचे १९३९ मध्ये निधन झाल्यावर बहीण कमू आणि तिचे पती यांच्यासोबत वांद्र्याच्या पाली हिलवर ते राहू लागले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. पिसांच्या छटांवरून उपजातींचा कीस काढण्यात सलीम अलींना फारसा रस नव्हता. जिवंत पक्षी काय खातो, कुठे राहतो, कसा वागतो, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. तरीही संग्रहाशिवाय हा अभ्यास उभा राहत नाही, हे ते जाणून होते.

१९४८ मध्ये काय घडले?

मद्रास प्रांतातल्या मेघमलई डोंगरांत, इंग्रज मळेवाल्यांच्या भाषेत ‘हाय वेव्ही’ डोंगरांत, अँगस हटन या निसर्गप्रेमी मळेवाल्याला कॉफीच्या मळ्यात एक वटवाघूळ मिळाले. तो नमुना बीएनएचएसकडे आला. त्यावर आखूड नाकाच्या वटवाघळाची चिठ्ठी लागली आणि तो संग्रहात ठेवला गेला.

तो काळ संस्थेसाठी कठीण होता. स्वातंत्र्यानंतर इंग्रज अधिकारी आणि हौशी अभ्यासक मायदेशी गेले, पैशांची चणचण झाली. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली आणि संस्था तगली. मेलेले प्राणी जपण्यासाठी सरकारी पैसा कशाला, असा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे एक उत्तर या नमुन्यात दडलेले होते, पण ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हते.

दात मोजल्यावर काय कळले?

किट्टी थोंगलोंग्या हे थायलंडचे सस्तन प्राण्यांचे अभ्यासक. त्यांनी हा नमुना तपासला तेव्हा चिठ्ठी आणि प्राणी यांचा मेळ बसेना. आखूड नाकाच्या वटवाघळाला वर आणि खाली समोरच्या दातांच्या प्रत्येकी दोन जोड्या असतात, इथे एकेकच होती. त्याला छोटी शेपटी असते, याला शेपटीच नव्हती. त्याच्या कानांना फिकट कड असते, याच्या कानांना ती नव्हती. वरवर पाहता दोघे सारखेच दिसत, म्हणून तर घोटाळा झाला.

हे फरक नव्या प्रजातीपुरते नव्हते, नवी पोटजात मानण्याचा तर प्रश्नच नव्हता. थोंगलोंग्या यांनी संपूर्ण नवे कुळनाम, म्हणजे नवी ‘जीनस’ मांडली : लॅटिडेन्स, अर्थात रुंद दातांचे. आंबा आणि काजू जसे एकाच मोठ्या घराण्यातले पण वेगळ्या जीनसचे, तसेच हे. प्रजातीचे नाव ‘सलीमअली’. हा शोध १९७२ मध्ये बीएनएचएसच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सलीम अली तेव्हा पंचाहत्तरी ओलांडून डिलन रिप्ली यांच्यासोबत भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरच्या दहा खंडांच्या कामात गुंतले होते.

थोंगलोंग्या १९७४ मध्ये वारले. त्यांनी थायलंडच्या गुहांत शोधलेल्या इवल्याशा वटवाघळाला त्याच वर्षी त्यांचे नाव मिळाले. ते जगातल्या सर्वांत लहान सस्तन प्राण्यांपैकी एक आहे.

ट्यूबलाइटभोवतीची पाकोळी कुणाची नातलग?

मराठीत मोठे ते वटवाघूळ आणि छोटी ती पाकोळी असा भेद रूढ आहे. शास्त्रज्ञही बराच काळ असेच दोन गट करत : फळे खाणारी मोठी, आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून कीटक पकडणारी छोटी. १९८६ मध्ये तर फळभक्षी वटवाघळे माकडांच्या नात्यातली असावीत, असाही तर्क मांडला गेला होता.

डीएनएच्या अभ्यासाने साल २००० च्या आसपास ही मांडणी मोडली. सगळी वटवाघळे एकाच पूर्वजाची, हे पक्के झाले. मात्र फांद्या अनपेक्षित निघाल्या. नाकावर घोड्याच्या नालेसारखी पाळ असलेली कीटकभक्षी वटवाघळे फळभक्षींच्या जवळची ठरली. थोंगलोंग्यांचे चिमुकले वटवाघूळही याच फांदीवरचे. घाटकोपरच्या गल्लीत दिव्याभोवती घिरट्या घालणारी पिपिस्ट्रेल पाकोळी मात्र दुसऱ्या फांदीवरची. म्हणजे आकार आणि आहार पाहून नाते ठरत नाही. प्रतिध्वनी ऐकण्याची कला आधी सर्वांकडे होती आणि फळभक्षींनी ती गमावली, की ती दोनदा स्वतंत्रपणे आली, यावर अजून वाद आहे.

सलीम अलींचे वटवाघूळ आखूड नाकाच्या वटवाघळांच्या गटातच मोडते. जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी दिशा फार चुकली नव्हती. या गटाचा मोठा गोतावळा आग्नेय आशियात आहे आणि हा एक सदस्य दक्षिण भारताच्या डोंगरांत.

ते पुन्हा दिसले का?

२० जून १९८७ रोजी सलीम अलींचे निधन झाले, तोवर जगाला या प्राण्याचा तो एकच नमुना ठाऊक होता. १९९३ मध्ये पॉल बेट्स, डेव्हिड हॅरिसन आणि मनोज मुनी यांना ते मेघमलईतच जिवंत सापडले. नंतर कळक्काड-मुंडनथुराईच्या जंगलातही ते आढळले.

कायद्यात मात्र विचित्र स्थिती होती. वन्यजीव संरक्षण कायद्याने फळभक्षी वटवाघळांना दीर्घकाळ उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत ठेवले. सलीम अलींच्या वटवाघळाला त्यातून वेगळे काढून वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत घालावे लागले. उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली.