सैनिकाच्या रक्तातला शत्रू : डॉ. आल्फाँस लाव्हरां

मलेरिया म्हटले की आपल्याला सर रोनाल्ड रॉस आठवतात. १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात त्यांनी मलेरियाचे जंतू पाहिले. पण हा जंतू माणसाच्या रक्तात राहतो, हे त्याआधी सतरा वर्षे एका फौजी डॉक्टरने शोधले होते. त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

आल्फाँस लाव्हरां यांचा जन्म १८ जून १८४५ रोजी पॅरिसला झाला. वडीलही लष्करी डॉक्टर. त्यामुळे बालपणाची काही वर्षे अल्जीरियात गेली. १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात ते मेट्झच्या वेढ्यात होते. १८७८ मध्ये त्यांची नेमणूक पुन्हा अल्जीरियात झाली. तिथे फ्रेंच सैनिक हिवतापाने मरत होते. दलदलीतल्या दूषित हवेने हा ताप येतो, असा तेव्हा समज होता.

लाव्हरां मात्र रुग्णांचे रक्त तपासत राहिले. साधा सूक्ष्मदर्शक, आणि रक्ताला रंग देण्याची सोय नाही! ६ नोव्हेंबर १८८० रोजी कॉन्स्टंटीनच्या लष्करी रुग्णालयात तोफखान्यातल्या एका जवानाच्या ताज्या रक्तात त्यांना काळे कण असलेला एक गोल दिसला. त्याच्या कडेला बारीक धागे वळवळत होते. म्हणजे तो जिवंत होता.

बरीच वर्षे मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. १८८४ मध्ये जर्मनीत गेरहार्ट यांनी हिवतापाच्या रुग्णांचे रक्त निरोगी माणसांना टोचले आणि त्यांनाही ताप आला. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही.) म्हणजे रोग पसरायला डास हवाच असे नाही, रक्तही पुरते. पुढे रक्त चढवण्याची पद्धत रुळू लागली, तशी १९११ मध्ये त्यातून मलेरिया झाल्याची नोंदही आली.

सैन्यात मनासारखी नेमणूक न मिळाल्याने लाव्हरां १८९६ मध्ये बाहेर पडले आणि पाश्चर संस्थेत बिनपगारी काम करू लागले. १९०७ च्या नोबेल पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी तिथल्या प्रयोगशाळेला दिली. १८ मे १९२२ रोजी ते वारले.

त्यांनी दाखवलेला धोका अजून संपलेला नाही. मलेरियाच्या प्रदेशात वारंवार ताप येऊन गेलेल्या माणसाला थोडी प्रतिकारशक्ती येते. अंगात जंतू असूनही तो ठणठणीत दिसतो आणि आनंदाने रक्त देतो. जंतू इतके थोडे असतात की काचपट्टीवरच्या थेंबात ते सापडतीलच असे नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या रक्तातही ते कित्येक दिवस जगतात. आफ्रिकेतल्या काही भागांत अशा सगळ्या दात्यांना परत पाठवले, तर रक्तपेढ्याच रिकाम्या पडतील. आणि तिथे रक्त लागते ते बहुधा लहान मुलांना, मलेरियानेच रक्त कमी झालेल्या. आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. शिबिरात अलीकडे मलेरिया झाला होता का, असे विचारतात ते याचसाठी.