रुग्णांची कार्डं लिहिणारा डॉक्टर : एमिल क्रेपेलिन

मानसोपचार म्हटलं की बहुतेकांना पहिलं नाव आठवतं ते सिग्मंड फ्रॉइडचं. त्याचा तो कोच, स्वप्नांचे अर्थ, लहानपणीच्या दडपलेल्या आठवणी. पण आज घरातल्या कुणाला घेऊन तुम्ही मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात, तर डॉक्टर आधी काय विचारतात? त्रास कधीपासून आहे? सुरू झाला तेव्हा वय किती होतं? असं पूर्वी कधी झालं होतं का? मधल्या काळात माणूस पूर्ण बरा होता, की थोडं काही मागे राहिलं होतं? घराण्यात आणखी कुणाला? स्वप्नांची चौकशी सहसा कुणी करत नाही.

हे प्रश्न फ्रॉइडचे नाहीत. त्यांच्यामागे ज्याचा सर्वात मोठा हात आहे, तो डॉक्टर फ्रॉइडच्याच वर्षी, म्हणजे १८५६ मध्ये जन्मला. त्याचं नाव एमिल क्रेपेलिन. सामान्य वाचकाला तो जवळजवळ माहीत नाही, आणि तरीही स्किझोफ्रेनिया, बायपोलर, अल्झायमर हे जे शब्द आपण आज वापरतो, त्या तिन्हींच्या जन्मकथेत तो आहे.

सूक्ष्मदर्शक चालेना

उत्तर जर्मनीतल्या नॉयस्ट्रेलिट्झ या छोट्या गावात त्याचा जन्म झाला. वडील रंगभूमीवरचे, गाणारे आणि पुढे कथा-कविता जाहीरपणे वाचून दाखवणारे. थोरला भाऊ कार्ल प्राणी-वनस्पतींचा अभ्यासक होता. झाडांची जात, कुळ, पोटजात ओळखण्याची गोडी एमिलला या भावामुळे लागली असं म्हणतात, आणि पुढचं आयुष्य पाहता ते पटतं.

लाइपझिग आणि वुर्झबर्गला तो वैद्यक शिकला. त्या काळातले मानसोपचारतज्ज्ञ मेंदूच्या मागे लागले होते. मेंदूचे पातळ काप करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, वेड कुठे लपलंय ते शोधायचं. १८७८ मध्ये क्रेपेलिन म्युनिकला बर्नहार्ड फॉन गुडेन या मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली आला, तिथेही हेच काम. पण डोळ्यांच्या त्रासामुळे त्याला सूक्ष्मदर्शकावर फार वेळ काम जमेना. (हा गुडेन म्हणजे बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग वेडा आहे असा निर्वाळा देणारा डॉक्टर. १८८६ मध्ये राजा आणि डॉक्टर दोघांचेही मृतदेह एकाच संध्याकाळी तळ्यात सापडले. त्याचं गूढ आजही उकललेलं नाही.)

मेंदूचा रस्ता बंद झाला म्हणून क्रेपेलिन मनाकडे वळला. प्रायोगिक मानसशास्त्राचा जनक विल्हेल्म वुंट लाइपझिगला होता. १८८२ मध्ये क्रेपेलिननं तिथल्या मनोरुग्णालयात नोकरी धरली, पण प्रमुख पाउल फ्लेक्सिगशी त्याचं पटलं नाही आणि काही महिन्यांतच त्याला काढून टाकण्यात आलं. वुंटची प्रयोगशाळा मात्र त्यानं सोडली नाही. दारू, चहा आणि निरनिराळी औषधं घेतल्यावर माणसाची प्रतिक्रिया किती जलद किंवा मंद होते, हे तो स्वतःवर आणि इतरांवर मोजत बसे. दारूमुळे हालचाल क्षणभर मोकळी झाल्यासारखी वाटते, पण विचार मात्र मंदावतात, हे त्याला या प्रयोगांत दिसलं. पुढे त्यानं दारू पूर्ण सोडली आणि बिअरच्या म्युनिकमध्ये राहून दारूविरुद्ध बोलत राहिला.

वुंटच्याच सांगण्यावरून १८८३ मध्ये त्यानं मानसोपचारावर एक छोटं पाठ्यपुस्तक लिहिलं. पैशांची गरज होती, लग्न करायचं होतं. इना श्वाबेशी अनेक वर्षांपूर्वीच ठरलेलं लग्न १८८४ मध्ये झालं. ते छोटं पुस्तक मात्र दर आवृत्तीला फुगत गेलं. आठवी आवृत्ती १९०९ ते १९१५ या काळात निघाली तेव्हा तिचे चार जाड खंड झाले होते.

एकच माणूस, तीन रोग

तेव्हा निदान कसं होत असे, हे समजल्याशिवाय क्रेपेलिननं काय केलं ते कळणार नाही.

एखादा रुग्ण आरडाओरडा करत, न झोपता, अखंड बडबडत आला, तर त्याला उन्माद. वर्षभरानं तोच माणूस कोपऱ्यात बसून रडू लागला, तर विषण्णता. आणखी काही दिवसांनी शेजारी आपल्या जेवणात विष घालतात असं म्हणू लागला, तर भ्रमाचा रोग. म्हणजे एकाच माणसाला तीन वेगवेगळे रोग. शिवाय प्रत्येक शहरातल्या प्राध्यापकाची यादी वेगळी. आपल्याकडे पूर्वी ताप हाच रोग समजत, तसंच हे. टायफॉइड, मलेरिया, न्यूमोनिया, सगळ्यांत अंग तापतं. पण तापाकडे बघून औषध दिलं तर रुग्ण दगावतो.

या गोंधळात एक रोग मात्र वेगळा उभा होता. त्याला जनरल पॅरालिसिस म्हणत. त्याचे काही रुग्ण स्वतःला सम्राट समजत, कोट्यवधींच्या गोष्टी करत. काही उलट खिन्न असत. काहींचा फक्त विसराळूपणा वाढे. वरून तिघांत काही साम्य नाही. पण पुढे बोलणं अडखळू लागे, हातपाय लुळे पडत आणि बहुतेक जण काही वर्षांत मरत. सगळ्यांचा शेवट एकच. कारणही एकच निघालं : सिफिलिस, म्हणजे उपदंश. १९१३ मध्ये तर या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू प्रत्यक्ष सापडले.

आज रोग कसा दिसतो यापेक्षा तो कुठून निघाला आणि कुठे पोचला हे पाहावं, असं कार्ल कालबाउम नावाचा एक जर्मन डॉक्टर आधीपासून सांगत होता. विद्यापीठात स्थान नसल्यानं त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. क्रेपेलिननं ते ऐकलं आणि त्यासाठी लागणारं चिकाटीचं काम अंगावर घेतलं.

कार्डांची पेटी

१८८६ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, तो डोरपाटला प्राध्यापक झाला. आज हे शहर एस्टोनियात तार्तू या नावानं आहे. तिथे एक चमत्कारिक अडचण होती : बरेचसे रुग्ण एस्टोनियन बोलणारे, आणि डॉक्टरला ती भाषा येत नव्हती. दुभाष्याशिवाय संवाद नाही. माणूस काय सांगतो यापेक्षा तो कसा वागतो, कसा बसतो, महिन्या-महिन्यानं कसा बदलतो, यावर क्रेपेलिनची नजर पुढे आयुष्यभर राहिली, त्याची मुळं इथे असावीत असं मला वाटतं. ही त्याची ताकद होती आणि मोठी उणीवही.

१८९१ पासून तो हायडेलबर्गला होता. प्रत्येक रुग्णासाठी तो एक कार्ड करी. वय, घराणं, सुरुवात कशी झाली, काय दिसलं, पहिलं निदान काय. रुग्ण घरी गेला किंवा दुसऱ्या रुग्णालयात हलवला गेला, तरी कार्ड बंद होत नसे. वर्षा-दोन वर्षांनी चौकशी करायची, पुढे काय झालं ते लिहायचं. सुट्टीत तो ही कार्डं घेऊन बसे, वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावून पाही, पुन्हा मोडी. जागेअभावी जुनाट रुग्णांना दूरच्या सरकारी रुग्णालयांत पाठवलं जाई आणि धागा तुटे. यावरून त्याचं सरकारशी वाजलं, आणि हायडेलबर्ग सोडण्यामागे तेही एक कारण होतं.

या गठ्ठ्यांमधून १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत दोन मोठे ढीग समोर आले.

पहिल्या ढिगातले रुग्ण बहुधा तरुणपणी आजारी पडलेले. आवाज ऐकू येणं, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटणं, तासन्‌तास एकाच स्थितीत ताठ बसणं, भावना विझत जाणं. त्याच्या मते यांतले बहुतेक पूर्ववत होत नसत. याला त्यानं डिमेंशिया प्रीकॉक्स हे नाव दिलं, म्हणजे अकाली येणारा बुद्धिऱ्हास. दुसऱ्या ढिगात उन्माद आणि खिन्नतेचे झटके येणारे लोक. त्यांचे झटके कितीही भयंकर असले तरी मधल्या काळात माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा होई. हा त्याचा उन्माद-विषण्णतेचा रोग. आजचा बायपोलर विकार त्यातूनच आला. क्रेपेलिननं मात्र नुसत्या नैराश्याचे बरेच रुग्णही त्यातच धरले होते.

विचार करा, एखाद्या आईला तेव्हा हे सांगणं म्हणजे काय असेल. मुलगा आज वेडापिसा झालाय, पण हा झटका ओसरेल, तो परत कामाला लागेल. किंवा दुसऱ्या आईला त्याच्या उलट. औषध जवळजवळ नव्हतंच. ब्रोमाइड, क्लोरल, अंथरुणात विश्रांती आणि खवळलेल्या रुग्णाला कोमट पाण्याच्या टबात तासन्‌तास बसवणं, एवढीच सामग्री. बरं करता येत नाही तर निदान भविष्य तरी खरं सांगता यावं, हा त्या कार्डांमागचा हेतू होता.

पण भविष्य सांगणं निदानातच घातलं, की एक धोका येतो. डिमेंशिया प्रीकॉक्स म्हटलेले काही रुग्ण बरे झाल्याच्या नोंदी खुद्द क्रेपेलिनच्या पुस्तकात आहेत. मग त्यांचं निदान चुकलं म्हणायचं की नाव? स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलरनं नावच बदललं. सगळेच लहान वयात आजारी पडत नाहीत आणि सगळ्यांची बुद्धीही जात नाही, असा त्याचा अनुभव होता. १९०८ मध्ये त्यानं स्किझोफ्रेनिया हा शब्द वापरला. मराठीतला छिन्नमनस्कता हा शब्द त्यावरूनच आला. शिल्लक राहिलेली कार्डं अलीकडच्या इतिहासकारांनी तपासली, तेव्हा त्यांवरच्या नोंदी फार त्रोटक निघाल्या; काय टिपायचं हे ठरवतानाच डॉक्टरचं मत त्यात उतरलेलं दिसतं.

म्युनिक

१९०३ मध्ये तो म्युनिकला गेला आणि पुढच्या वर्षी तिथलं नवं मनोरुग्णालय सुरू झालं. सूक्ष्मदर्शक त्याला जमलं नव्हतं, म्हणून ज्यांना जमत होतं अशी माणसं त्यानं जमवली. त्यांत अलॉइस अल्झायमर होता. फ्रँकफर्टच्या एका एकावन्न वर्षांच्या विस्मरण झालेल्या बाईला अल्झायमरनं पूर्वी तपासलं होतं. १९०६ मध्ये ती गेल्यावर तिच्या मेंदूत त्याला विचित्र गाठी आणि साके दिसले. १९१० मध्ये क्रेपेलिननं आपल्या पाठ्यपुस्तकात त्या रोगाला सहकाऱ्याचं नाव दिलं. बाकी जगानं ते नाव तिथून उचललं.

१९०४ मध्येच भावाबरोबर तो जावाला जाऊन आला होता. युरोपाबाहेरच्या रुग्णांत हेच रोग आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. डिमेंशिया प्रीकॉक्स तिथेही होता, फक्त त्याचं रूप जरा निराळं. स्वप्नात आपण स्वतः काय विचित्र वाक्यं बोलतो हेही तो वर्षानुवर्षं टिपत असे, आणि १९०६ मध्ये त्यावर त्यानं पुस्तक काढलं. फ्रॉइडबद्दल मात्र त्याच्याकडे चांगला शब्द नव्हता.

वर्गात तो रुग्णांना विद्यार्थ्यांसमोर आणून प्रश्न विचारी. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ आर. डी. लेंग यानं १९६० मध्ये अशाच एका तरुणाची नोंद पुन्हा वाचली. क्रेपेलिनला त्या बोलण्यात नुसती असंबद्धता दिसली होती. लेंगला त्यात चारचौघांत उभं केलेल्या मुलाचा संताप ऐकू आला. दोघांसमोर शब्द तेच होते.

पाटीचं पुढे काय झालं

क्रेपेलिनच्या आयुष्याची एक बाजू सांगताना जीभ अडखळते. वेड हे घराण्यातून उतरतं आणि पिढ्यागणिक वंश बिघडत चाललाय, असं तो मानत आणि लिहीत असे. १९१७ मध्ये त्यानं म्युनिकला मानसोपचाराची संशोधन संस्था उभी केली. तिच्यासाठी मोठी देणगी दिली जेम्स लोब या ज्यू दानशूरानं. आनुवंशिकतेचा विभाग क्रेपेलिनचा शिष्य अर्न्स्ट रुडिन याच्याकडे गेला.

१९२० मध्ये मात्र त्यानं एक लेख लिहिला. आपण मांडलेले दोन ढीग काही रुग्णांत वेगळे करता येत नाहीत, दोन्हींची लक्षणं एकत्र दिसतात, हे त्यानं त्यात मोकळेपणानं मान्य केलं. चार खंड लिहिल्यानंतर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हे लिहिणं सोपं नसतं. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी तो म्युनिकमध्ये वारला. दोन वर्षांनी त्याच्या कवितांचा एक संग्रह निघाला, तेव्हा पुष्कळांना तो कविता करत असे हे प्रथम कळलं.

१९३३ मध्ये नाझी सरकारनं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यावरचं अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत रुडिन होता. कायद्यातल्या रोगांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता, उन्माद-विषण्णतेचा रोगही होता. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९४० आणि ४१ मध्ये सत्तर हजारांवर रुग्ण मारले गेले. लोबच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या त्याच संस्थेतून १९३५ मध्ये फेलिक्स प्लाउट या ज्यू शास्त्रज्ञाला काढण्यात आलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतल्या परदेश दौऱ्यावर क्रेपेलिनबरोबर गेलेला सहकारी तोच.

औषधं आली ती त्यानंतर. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यानं लिथियमचा उन्मादावर होणारा परिणाम दाखवला, १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिन आलं. लिथियम एका ढिगातल्या रुग्णांना लागू पडे, दुसऱ्यातल्यांना फारसं नाही. मग निदान नेमकं करण्याची निकड पुन्हा भासली आणि १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेनं निदानाची नवी नियमावली काढली, ती क्रेपेलिनच्या वळणावर गेली. गेल्या काही वर्षांत जनुकांच्या अभ्यासात दोन्ही रोगांची मुळं बरीच सामायिक निघाली आहेत, म्हणजे १९२० च्या त्या लेखातली शंका पुन्हा टेबलावर आली आहे. डिमेंशिया प्रीकॉक्सचं भवितव्य त्यानं काळं रंगवलं होतं, पण स्किझोफ्रेनिया झालेली कितीतरी माणसं आज औषधं घेत नोकरी-संसार करतात.

म्युनिकची ती संस्था आता माक्स प्लांक मानसोपचार संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या रस्त्याला क्रेपेलिनचं नाव आहे.