समुद्रातल्या सोन्याचा हिशेब

जरीपटका म्हटले की इतिहासाची आवड असणाऱ्याला मराठ्यांचे जरीचे निशाण आठवते. सोन्याच्या तारेने विणलेला तो मानाचा झेंडा! नागपूरकरांना मात्र जरीपटका म्हणजे उत्तर नागपुरातली सिंधी बांधवांची गजबजलेली वस्ती. फाळणीनंतर सिंधमधल्या कितीतरी कुटुंबांनी कराचीच्या बंदरात जहाज गाठले आणि मागे वळून किनारा पाहिला तो शेवटचाच. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या वस्तीत म्हणूनच समुद्राच्या आठवणी आल्या. आणि सोन्याचा तोळ्या-माशांचा हिशेब तर आपल्याकडे घरोघरी चालतो. समुद्र आणि सोने यांची सांगड घालायला निघालेल्या एका शास्त्रज्ञाची ही कहाणी या वस्तीच्या निमित्ताने आठवली.

त्यांचे नाव फ्रिट्झ हाबर. रसायनशास्त्राच्या पुस्तकात अमोनियाच्या धड्यात आपली आणि त्यांची गाठ पडलेली असते. ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरात, एका यहुदी रंगव्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बाळ तीन आठवड्यांचे असतानाच आई गेली. पुढे तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जर्मनी हा आपला देश आणि त्याच्यासाठी काहीही करावे, ही एकच धुंदी त्यांना आयुष्यभर होती.

१९०९ साली त्यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा प्रचंड दाबाखाली संयोग करून अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला. विदर्भातला शेतकरी आज कपाशीला युरियाचे पोते फोडतो, त्याचे मूळ या शोधात आहे. जगाच्या पोटाला अन्न देणारा हा माणूस १९१५ साली मात्र बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर उभा होता. २२ एप्रिलला तेथे क्लोरीन वायूची नळकांडी उघडण्यात आली ती त्यांच्याच देखरेखीखाली. दहाच दिवसांनी, २ मे रोजी, त्यांची पत्नी क्लारा हिने त्यांच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवले. तीही रसायनशास्त्राची डॉक्टर होती. हाबर लगेच पुन्हा आघाडीवर निघून गेले. १९१८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, तेव्हा अनेक देशांत संतापाची लाट उसळली.

युद्ध जर्मनी हरला. १९२१ साली जेत्यांनी त्याच्यावर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची खंडणी लादली. एवढे सोने आणायचे कोठून? हाबर यांनी बोट दाखवले समुद्राकडे. समुद्राच्या पाण्यात सोने विरघळलेले असते, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. स्वीडनचे थोर रसायनज्ञ अऱ्हेनियस यांच्या अंदाजाने एका टन पाण्यात ६ मिलिग्रॅम सोने होते. म्हणजे दोन हजार टन पाणी उपसले की एक तोळा! समुद्राला तोटा कुठे होता? देशाचे कर्ज समुद्रच फेडील, असे स्वप्न हाबर पाहू लागले.

बर्लिनच्या त्यांच्या संस्थेत गुप्तपणे काम सुरू झाले. जुलै १९२३ मध्ये 'हान्सा' या जहाजावर प्रयोगशाळा थाटून हाबर आणि त्यांचे सहकारी हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला निघाले. त्यांची पद्धत मोठी नाजूक होती. पाण्यात शिशाचे क्षार घालून शिशाचा साका पाडायचा. त्या साक्याबरोबर सोने खाली येते. सराफ अशुद्ध सोने आटवतो त्याप्रमाणे मग शिसे आटवून टाकायचे आणि उरलेला सूक्ष्म मणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचा व्यास मोजायचा. व्यासावरून वजन काढायचे.

पण आकडे जुळेनात. आणि मग एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. सोने समुद्रात होते त्याहून अधिक ते प्रयोगशाळेत होते! वापरायच्या रसायनांत आणि भांड्यांतही सोन्याचा अंश होता. तोच पाण्याच्या नावावर जमा होत होता. हाबर यांनी आपली पद्धत पुन्हा तपासली, जगभरच्या समुद्रांतून हजारो नमुने मागवले. काटेकोरपणा वाढत गेला तसतसे सोने घटत गेले. अखेर टनामागे सरासरी ०.००४ मिलिग्रॅम उरले. तोळाभर सोन्यासाठी आता सुमारे २९ लाख टन पाणी उपसावे लागणार होते. सोन्यापेक्षा घडणावळ भारी!

अशा वेळी मनुष्य काय करतो? आकडे झाकून ठेवतो किंवा गाजावाजा न करता विषय बदलतो. हाबर यांनी १९२७ साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि आपली आशा फोल ठरल्याचे जगासमोर मांडले. ज्या देशासाठी त्यांनी विषाची नळकांडी उघडली, त्याच देशाला न रुचणारा आकडाही त्यांनीच दिला. मला या माणसाच्या आयुष्यातला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

कथा एवढ्यावर संपत नाही. १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळेत पुन्हा मोजणी केली. तेव्हा कळले की हाबर यांचा तो निराशाजनक आकडासुद्धा काहीशे पटींनी जास्तच होता. अटलांटिकच्या १० कोटी टन पाण्यात सोने भरते जेमतेम एक ग्रॅम.

आज समुद्रातले लोह, शिसे, तांबे, कॅडमियम मोजण्याचे बरेचसे काम यंत्रे आपणहून करतात. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात धातूचा लवलेश शोधायचा, तर आधी मीठ बाजूला काढायला हवे. यंत्राची सुई ओळीने मांडलेल्या बाटल्यांतून पाणी खेचते. ते राळेच्या बारीक नळीतून जाते, धातू राळेला चिकटतात आणि मीठ वाहून जाते. मग थोड्या आम्लाने धातू सोडवून घेतले की दुसरे यंत्र त्यांचे अणू मोजते. मधून मधून ते कोरा नमुनाही तपासते, म्हणजे ज्यात काहीच नसावे असे शुद्ध पाणी. त्यात धातू दिसला तर तो समुद्राचा नाही, आपलाच! हाबर यांना जो धडा इतक्या कष्टाने मिळाला, तो आता यंत्राच्या दिनक्रमातच बसला आहे.

हे मोजायचे कशासाठी? लोह नसेल तर समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत, आणि माशांची सारी पंगत त्यांच्यावरच बसते. पारा आणि कॅडमियम वाढले तर ते माशांतून आपल्या ताटात येतात. १९६६ साली सुरू झालेली, आता गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि आपल्या नागपुरातली १९५८ सालची, आता नीरी म्हणून ओळखली जाणारी संस्था यांचे पाण्याविषयीचे काम म्हणूनच थेट स्वयंपाकघराशी जोडलेले आहे. त्यात एक खोटा आकडा महागात पडतो.

हाबर यांच्या वाट्याला मात्र शेवटी उपेक्षाच आली. १९३३ साली नाझी राजवटीने संस्थेतल्या यहुदी सहकाऱ्यांना काढून टाकण्याचा हुकूम सोडला. जुने सैनिक म्हणून स्वतः हाबर यांना त्यातून सवलत होती. तरी त्यांनी राजीनामा दिला आणि ज्या देशासाठी सारे केले तो देश सोडला. २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे, परक्या गावी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार क्लाराच्या अस्थी जर्मनीहून आणून त्यांच्याशेजारी ठेवण्यात आल्या.

देश सोडून समुद्रावर निघालेल्या माणसांचे दुःख जरीपटक्याला सांगायला नको. लग्नसराईत सराफाच्या काट्यावर रतीभर सोने चढते, तेव्हा काटा आधी शून्यावर आहे ना, हे आपली माणसे निरखून पाहतात. हाबर यांना ते शून्य सापडायला सात वर्षे लागली.