लोकमान्यांचा ध्रुवशोध

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे नाव उच्चारताच स्वराज्याचा लढा, 'केसरी'तील अग्रलेख आणि मंडालेचा कारावास डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु या लोकनेत्याच्या ठायी एक व्यासंगी गणिती आणि संशोधकही वास करीत होता. आज बर्फाने वेढलेला उत्तर ध्रुवाचा प्रदेश पूर्वी कधी उबदार होता काय, या प्रश्नाने या संशोधकाला वेधून घेतले होते.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांची गोडी मुलाला घरातच लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. पुढे फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवीत. १८९३ साली त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृगनक्षत्रात असल्याच्या खुणा वैदिक वाङ्मयात शोधून त्यांनी त्या वाङ्मयाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे एवढा मागे नेला.

१८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. जर्मन पंडित मॅक्सम्युलर यांनी आपण संपादित केलेल्या ऋग्वेदाची प्रत त्यांना पाठविली. रात्री काही तास दिव्याच्या उजेडात वाचण्याची परवानगीही मिळाली. मॅक्सम्युलर यांच्यासारख्या विद्वानांनी रदबदली केल्यामुळे १८९८ च्या सप्टेंबरात मुदतीपूर्वीच त्यांची सुटका झाली. तुरुंगातील या वाचनाने त्यांच्या मनातील कल्पनेला आकार आला.

ध्रुवावर सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र असते; उषःकालही अनेक आठवडे रेंगाळतो. वेदांतील दीर्घ उषेची वर्णने, देवांच्या सहामाही दिवसाची कल्पना आणि हिमाच्या संकटामुळे मूळ भूमी सोडावी लागल्याची पारशी धर्मग्रंथ 'अवेस्ता'तील कथा यांचा टिळकांनी मेळ घातला. आर्यांचे पूर्वज एके काळी ध्रुवप्रदेशात राहत असावेत, हे मत त्यांनी १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या इंग्रजी ग्रंथात मांडले.

केवळ ग्रंथांच्या आधारावर ते थांबले नाहीत. मनुष्यवस्तीसाठी तेथील हवा सौम्य असावयास हवी, हे जाणून त्यांनी भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. हिमयुग सरून किती वर्षे झाली, याविषयी तेव्हा शास्त्रज्ञांत मतभेद होते. दोन्ही बाजू तपासून त्यांनी इसवी सनापूर्वी १०००० ते ८००० हा काळ ग्राह्य धरला. त्यापूर्वी ध्रुवप्रदेश उबदार होता आणि मग हिमप्रलयाने तो निर्जन झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढील संशोधनाने हा निष्कर्ष टिकू दिला नाही. शेवटचे हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले. त्याआधीची सहस्रके उबदार नव्हे, तर कडाक्याच्या थंडीची होती. आर्यांच्या ध्रुवीय वसतिस्थानाची कल्पनाही विद्वानांनी स्वीकारली नाही. मात्र दोन हिमयुगांच्या मधल्या काळात ध्रुवप्रदेश उबदार होतो, ही गोष्ट खरी ठरली. असा एक काळ १,२९,००० ते १,१६,००० वर्षांपूर्वी होऊन गेला. पृथ्वीच्या कक्षेतील फेरबदलांमुळे तेव्हा उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात अधिक ऊन मिळत होते आणि ध्रुवप्रदेशातील उन्हाळे आजच्या काही दशकांपूर्वीच्या उन्हाळ्यांहून ४ ते ५ अंशांनी उष्ण होते.

या काळाकडे आज शास्त्रज्ञ मोठ्या आस्थेने पाहतात. बर्फ सूर्यकिरणे परतवून लावतो, तर उघडे पडलेले काळसर पाणी उष्णता शोषून घेते; त्यामुळे एकदा सुरू झालेली वितळण आपोआप वाढत जाते. बर्फावर साचणाऱ्या पाण्याच्या डबक्यांचाही विचार करून २०२० साली संगणकाच्या साहाय्याने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या प्राचीन काळी उत्तर ध्रुवाचा समुद्र उन्हाळ्यात बर्फरहित होत असावा, असे त्यातून सूचित झाले. उपग्रहांची नोंद १९७९ पासून उपलब्ध आहे. त्या नोंदीत सप्टेंबर २०१२ मध्ये समुद्रावरील बर्फ सर्वांत कमी, म्हणजे सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर एवढाच उरला होता. प्राचीन उष्णता सूर्याच्या किरणांनी आणली. आजची मात्र माणसाने जाळलेल्या कोळशाने आणि तेलाने आणली आहे. कारणे निराळी असली, तरी उष्णतेपुढे बर्फ कसा वागतो, हे त्या जुन्या काळाकडून शिकता येते.

भारतही या अभ्यासात सहभागी आहे. २००८ साली उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 'हिमाद्री' हे भारतीय संशोधन केंद्र सुरू झाले. त्याची व्यवस्था गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय संस्था पाहते.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ध्रुवप्रदेश त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांचे उत्तर काळाच्या कसोटीवर उतरले नाही. परंतु आपले मत पारखण्यासाठी काव्य, गणित आणि भूगर्भशास्त्र या तिन्ही शास्त्रांची दारे ठोठावण्याची त्यांची वृत्ती अनुकरणीय आहे. पुरावा बदलला की निष्कर्षही बदलावा लागतो, हे तर ज्ञानाचे व्रतच आहे. ध्रुवावरील बर्फ पुन्हा वितळत असताना त्यांना पडलेला प्रश्न आज साऱ्या मानवजातीचा झाला आहे.