उत्तर देणारा मास्तर

समजा, तुम्ही शहापूरच्या कॉलेजात एसवायला आहात आणि मनात एक प्रश्न अडकलाय. पाळी दहा दिवस पुढे गेलीये. किंवा लग्न ठरलेल्या ताईला वर्ष-दोन वर्षं तरी मूल नकोय, आणि तिने ते फक्त तुमच्याच कानावर घातलंय. किंवा हस्तमैथुनाने अंगातली ताकद जाते असं रूमवरच्या एकाने ठासून सांगितलं, तेव्हापासून तुमची झोप उडालीये. विचारणार कुणाला? मेडिकलवाला बाबांचा दोस्त. आशाताई शेजारच्याच आळीतली. घरी तर विषयच काढायचा नाही. मग आसनगावला कसारा लोकलची वाट बघता बघता मित्राला विचारता. त्याला त्याच्या मित्राने जे सांगितलेलं असतं, तेच तो तुम्हाला सांगतो. मुरबाडच्या एसटी स्टँडवर यापेक्षा वेगळं काही चालत नाही.

आता हाच प्रश्न तुम्हाला १९३० साली पडला असता तर? तेव्हा मोबाइल नाही, सेक्स एज्युकेशन नाही, गर्भनिरोधक गोळीचा तर शोधही लागायचा होता. पण मुंबईत एक माणूस होता, ज्याला तुम्ही पत्र लिहू शकला असतात. त्याने उत्तर दिलं असतं, तेही छापून. ह्या उत्तरांपायी त्याला कोर्टात उभं राहावं लागलं. त्याचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. ‘र. धों.’ म्हणतात ते हेच.

घरातच शिकलेला धडा

रघुनाथचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा. जंजिऱ्याचं मुरूड नव्हे, दापोलीजवळचं. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे ज्यांना आपण महर्षी कर्वे म्हणून पुस्तकात वाचलं ते. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळात बाळंतपणात बाई जाणं ही काही बातमी नव्हती. घरोघरी ते घडायचं आणि देवाची इच्छा म्हणून सोडून दिलं जायचं.

दोन वर्षांनी वडिलांनी पुन्हा लग्न केलं, आणि तेही एका विधवेशी. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. अकरा वर्षांच्या पोराने हे सगळं घरातच बघितलं. आपल्याला पटलेली गोष्ट उघडपणे केली, की गाव पाठ फिरवतं. आणि गावाने पाठ फिरवली तरी माणूस उभा राहतो, हेही त्याने बघितलं.

पोरगा हुशार निघाला. १८९९ च्या मॅट्रिकला पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसनमधून १९०४ मध्ये बीए झाला. विषय गणित. पुढे मुंबईत गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात गणिताचा प्रोफेसर झाला. १९१९ मध्ये गणिताच्याच पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला जाऊन आला. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मध्यमवर्गीय आईबापाला आवडेल अशीच आहे. परदेशी शिक्षण, नामांकित कॉलेज, पक्की नोकरी.

१९२१: मुंबईतलं क्लिनिक

पॅरिसहून आल्यावर १९२१ मध्ये र. धों. आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं असं पहिलंच. जग तेव्हा कुठे होतं ते बघा. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनला असं क्लिनिक काढलं होतं, ते पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं क्लिनिक उघडलं ते १९२१ मध्येच. म्हणजे ह्या विषयात आपला मराठी मास्तर लंडनच्या बरोबरीने चालला होता.

त्या वेळी साधनं होती तरी कोणती? रबराचे निरोध, बाईने आत बसवायच्या रबरी टोप्या, शुक्रजंतू मारणारी औषधं. बस्स. ती मिळवायची, वापरायची कशी ते समजावून सांगायचं, आणि ऐकणाऱ्याला लाज वाटू द्यायची नाही. १९२३ मध्ये र. धों. नी ‘संततिनियमन’ हे पुस्तक लिहून हीच माहिती छापून टाकली.

त्यांचं म्हणणं पोरं कमी करा एवढंच नव्हतं. मूल कधी हवं, किती हवीत, हवं की नको, हे बाईने ठरवावं असं ते म्हणायचे. शरीराच्या सुखावर पुरुषाचा जेवढा हक्क, तेवढाच बाईचाही, हेसुद्धा ते उघड लिहायचे. आज इन्स्टाच्या रीलमध्ये हे कुणी बोललं तरी खाली कमेंट्सची काय भाषा असते, तुम्हाला माहितीये. ते हे शंभर वर्षांपूर्वी छापत होते.

विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं. त्यांच्याकडून निरोप आला, हे काम सोडा नाहीतर कॉलेज सोडा. र. धों. नी कॉलेज सोडलं. १९२५ च्या सुमाराची ही गोष्ट. वय त्रेचाळीसच्या आसपास, हातात दुसरा धड उद्योग नाही.

इथे मालतीबाईंबद्दल सांगायलाच हवं. त्यांचं नाव बऱ्याचदा राहूनच जातं. नवऱ्याचा पगार थांबल्यावर त्या स्वतः कमावत होत्या, म्हणून हे काम टिकलं. स्वतःला मूल नको असं दोघांनी मिळून ठरवलं, आणि ऑपरेशन र. धों. नी करून घेतलं. आजही कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन म्हटलं की घरात बाईकडेच बोट जातं. तुमच्या गावात किती पुरुषांनी नसबंदी करून घेतलीये, आठवून बघा. डोळखांब असो की टोकावडे, एका हाताची बोटंही पुरून उरतील.

मासिक आणि त्यातली पत्रं

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झालं. नोकरी नसलेल्या माणसाने काढलेलं, ग्राहक फार नसलेलं मासिक. तरी ते सव्वीस वर्षं चाललं. मजकुराचा मोठा भाग ते स्वतःच लिहायचे. गुप्तरोग, गर्भनिरोधन, वेश्याव्यवसाय, विवाह, आहार, अंधश्रद्धा. देव मानायचे नाहीत, तेही लपवायचे नाहीत. मासिकात नग्न चित्रं छापायचे, कारण शरीर हीच लाजेची गोष्ट आहे हे त्यांना मान्य नव्हतं. ह्याच चित्रांमुळे कित्येक घरांत अंक लपवून वाचला जायचा.

त्यातलं तुमच्या-माझ्या कामाचं सदर म्हणजे वाचकांचे प्रश्न. लोक पत्र लिहायचे. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, लग्नानंतरच्या अडचणी. जे घरात, देवळात, दवाखान्यात विचारता येत नव्हतं, ते सगळं. र. धों. उत्तर द्यायचे. उपदेश न करता, घाबरवून न सोडता, आडपडदा न ठेवता. गणिताच्या मास्तराने उदाहरण सोडवावं तसं.

कोर्टाची पायरी

१९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १०० रुपये दंड. गप्प बसले नाहीत.

१९३४ मध्ये पुन्हा पकडलं. ह्या वेळी गुन्हा कोणता? वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नांची उत्तरं छापली म्हणून ते आरोपी ठरले. आणि त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेब तोवर गोलमेज परिषदा गाजवून आलेले, देशभर नाव झालेलं. एका छोट्या, बदनाम मासिकाचं वकीलपत्र घेऊन त्यांना काय मिळणार होतं? काहीच नाही. पण मुद्दा त्यांना महत्त्वाचा वाटला. मासिक जर लैंगिक आरोग्यासाठीच निघालंय आणि वाचक खऱ्या अडचणी विचारतायत, तर उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं, असा त्यांचा युक्तिवाद होता. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते लिखाण आपोआप अश्लील होत नाही, हेही त्यांनी मांडलं. समलिंगी आकर्षणाच्या बाबतीतही त्यांनी माघार घेतली नाही. लक्षात घ्या, सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले ते २०१८ मध्ये. हा खटला त्याच्या ८४ वर्षं आधीचा.

खटला हरला. २०० रुपये दंड झाला. तेव्हाचे दोनशे रुपये एका कंगाल संपादकासाठी थोडे नव्हते. मासिक मात्र पुढच्या महिन्यातही निघालं.

बाबासाहेबांनीही विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला. महात्मा गांधींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता; संयम पाळा, असं ते सांगायचे. म्हणजे सनातनी विरोधात, मिशनरी विरोधात, सरकार विरोधात आणि देशाचा सगळ्यात मोठा नेताही विरोधात. र. धों. किती एकटे होते, ह्याचा अंदाज येतो ना?

जे जमलं नाही

त्यांना डोक्यावर घेऊन नाचायची गरज नाही. माणूस फटकळ होता. समोरच्याला दुखावेल असं लिहायचा, जोडलेली माणसं त्यामुळे तुटायची. आणि मोठी अडचण म्हणजे त्यांचं सगळं काम छापील कागदावर आणि मुंबईच्या क्लिनिकमध्ये होतं. आपल्या मुरबाड-शहापूर पट्ट्यातल्या किती बायांना तेव्हा वाचता येत होतं? ठाकूर-कातकरी वाडीत दर दीड-दोन वर्षांनी बाळंत होणाऱ्या बाईला ह्या माहितीची सगळ्यात जास्त गरज होती, आणि तिच्यापर्यंत मासिक पोचणारच नव्हतं. तिच्यापर्यंत फक्त माणूस पोचू शकला असता. तिच्याच भाषेत बोलणारा, तिच्याच वाडीतला.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्यापायी त्यांची नोकरी गेली, ते आता सरकारी धोरण झालं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला र. धों. गेले. नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. १९५८ मध्ये वडिलांना भारतरत्न मिळालं, तेव्हा वय वर्षं शंभर. मुलाचं नाव मात्र पाठ्यपुस्तकात शोधावंच लागतं. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ सिनेमा काढला, तो मिळाला तर नक्की बघा. किशोर कदम आणि सीमा बिस्वास आहेत त्यात.

आता तुमचा नंबर

वाडीतला माणूसच वाडीत पोचतो, हे सरकारलाही उशिरा का होईना पटलं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातलीच मुलं-मुली निवडून त्यांना आपल्या वयाच्यांशी बोलायला शिकवलं जातं. पण निवड झाली नसली, तरी कॉलेजात शिकणारे म्हणून गावात तुम्हालाच विचारलं जाणार आहे. किन्हवलीतली चुलत बहीण विचारेल, सरळगावचा वर्गमित्र विचारेल. तेव्हा हसू नका. दुसऱ्याला सांगू नका. तिचं चुकलंच कसं, यावर भाषण देऊ नका. माहीत नसेल तर ठोकून देऊ नका, सोबत दवाखान्यात जा.

निदान एवढं तरी पक्कं माहीत असू द्या:

- हस्तमैथुनाने ताकद जात नाही, आजार होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही.
- निरोध एकाच वेळी गर्भधारणा आणि गुप्तरोग, दोन्हींपासून वाचवतो. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.
- रोज घ्यायची ‘माला-एन’ गोळी, रोज घ्यावी न लागणारी ‘छाया’ गोळी, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि तांबी हेही सरकारी दवाखान्यात मोफत आहे. कोणाला काय चालेल ते डॉक्टर किंवा नर्सताई तपासून सांगतात.
- संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. राहिलेला गर्भ तिने पडत नाही, आणि ती नेहमी घ्यायची गोळी नव्हे.
- पाळी चुकली तर थांबून राहू नका. आशाताईंकडे तपासणीचं ‘निश्चय’ किट असतं. गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे, अविवाहित मुलीलाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकांची संमती लागते. मेडिकलमधून गोळ्या आणून घरच्या घरी घेणं जिवावर बेतू शकतं.
- १८ वर्षांखालच्यांच्या बाबतीत संमती होती असं म्हणून चालत नाही, कायदा ती मानत नाही.
- मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. केसपेपर काढतानाच किशोरवयीनांचं मैत्री क्लिनिक कुठल्या दिवशी असतं ते विचारा. मोठ्याने कारण सांगायची गरज नाही. समुपदेशक मिळत नसतील तर डॉक्टरांना एकट्यानेच भेटायचंय, एवढंच सांगा. आणि एकटं जायला भीती वाटत असेल, तर ह्या पानाचा फोटो काढून मित्राला पाठवा आणि दोघं मिळून जा.