सर्व्हे करणारे प्रोफेसर थेट साखर कारखान्याचे चेअरमन झाले, आणि प्रवरेचा इतिहास घडला

सर्व्हे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? कुणीतरी दारात येतं, चार प्रश्न विचारतं, फॉर्म भरून निघून जातं. पुढे त्या फॉर्मचं काय होतं, हे ना आपल्याला कळतं, ना बऱ्याचदा फॉर्म भरणाऱ्याला.

पण पुण्यात एक माणूस होऊन गेला, ज्याच्या सर्व्हेतून सरकारी धोरणं बदलली. धनंजयराव गाडगीळ.

(पर्यावरणतज्ज्ञ म्हणून आपल्याला माहीत असलेले माधव गाडगीळ हे त्यांचेच चिरंजीव.)

धनंजयरावांचा जन्म १९०१ चा, नाशिकचा. बालपण नागपुरात गेलं. पुढे शिकायला केंब्रिजला गेले आणि तिथे भारतातल्या उद्योगांच्या वाटचालीवर प्रबंध लिहिला. १९२४ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि तेवीस वर्षांच्या या पोराचं नाव अर्थशास्त्राच्या जगात झालं.

पुढे १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. पहिले संचालक झाले गाडगीळ. १९६६ पर्यंत ते या पदावर होते.

संस्थेनं सुरुवातीला काय अभ्यासलं ते बघा. पुण्याच्या बाजारात फळं येतात कुठून आणि विकली जातात कशी? मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांत मोटारबसचा धंदा कसा चालतो? वाई तालुक्यात शेतकऱ्याचा खर्च किती आणि हातात उरतं किती? पुणे शहरातली कुटुंबं काय कमावतात, कशी राहतात?

आता हे प्रश्न साधे वाटतात. पण त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे प्रामुख्यानं विलायती पुस्तकं आणि सरकारी आकडे. गाडगीळांनी माणसं गावागावांत, घराघरांत धाडली आणि आकडे नव्यानं गोळा केले.

त्यांचं वेगळेपण इथेच संपत नाही.

नगर जिल्ह्यातल्या प्रवरेच्या पट्ट्यात कालव्याचं पाणी आलं होतं, ऊसही होता. पण साखर कारखाने खाजगी कंपन्यांचे होते. शेतकऱ्याकडे पर्याय उरायचा गुळाचा, आणि गुळाचे भाव कधी कोसळतील याचा नेम नसायचा. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या डोक्यात आलं, आपलाच कारखाना का काढू नये?

शेतकरी सभासदांनी गावोगाव शेअर जमवले. वैकुंठभाई मेहतांची मोठी साथ मिळाली. आणि गाडगीळ नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत, ते स्वतः कारखान्याचे पहिले चेअरमन झाले. १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं. प्रोफेसर साहेबांनी पहिली साधारण दहा वर्षं हे पद सांभाळलं. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ही अशी झाली.

त्याच काळात रिझर्व्ह बँकेनं देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी करायला घेतली. ए. डी. गोरवाला समितीचे अध्यक्ष, गाडगीळ सदस्य. ७५ जिल्हे, ६०० गावं आणि सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं. १९५४ मध्ये आलेल्या अहवालानं सगळ्यांची झोप उडवली. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता फक्त ३.१ टक्के. व्यापारी बँकांचा तर एक टक्काही नाही. सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांचं.

म्हणजे सहकाराचा कायदा येऊन पन्नास वर्षं झाली तरी शेतकरी सावकाराच्याच दारात उभा होता.

पण समितीनं सहकार मोडीत काढा असं सुचवलं नाही. उलट सरकारनं सहकारी संस्थांमध्ये भागीदार व्हावं, कर्जाला विक्री आणि गोदामांची जोड द्यावी, खेड्यापर्यंत पोचणारी मोठी बँक उभारावी, अशा शिफारशी केल्या. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली, ती याच अहवालानंतर.

१९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तेव्हा केंद्राची मदत योजनेगणिक मिळायची आणि कुणाला किती, याला ठरलेला नियम नव्हता. चौथ्या पंचवार्षिक योजनेसाठी ‘गाडगीळ फॉर्म्युला’ आला. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीरची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्या मदतीतली ६० टक्के लोकसंख्येनुसार. मग दरडोई उत्पन्न कमी असलेली राज्यं, कर गोळा करण्याचे प्रयत्न, चालू असलेले मोठे सिंचन-वीज प्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी, यांना प्रत्येकी १० टक्के.

१९६९ मध्येच त्यांच्या अभ्यासगटानं बँकांनी जिल्हा धरून काम करावं असं सुचवलं. त्यातूनच आजची लीड बँक योजना आली.

३ मे १९७१ रोजी गाडगीळांचं निधन झालं.

त्यांच्या कामाचं सगळंच सोनं झालं असं नाही. सहकारी कर्जाचा मोठा वाटा मोठ्या शेतकऱ्यांकडे गेला, कारखाने राजकारणाचे अड्डे बनले. सरकारला भागीदार करून घेण्याची ही दुसरी बाजू होती. पण हे बिघडलेलं मोजायला आजही तेच करावं लागतं, जे गाडगीळांनी वाई तालुक्यात केलं होतं. शेतकऱ्याच्या घरी जायचं आणि विचारायचं, हातात नक्की उरतं किती?